शंका विचारायची लाज कसली?

शाळेत मुलांना मी नेहमी बजावते, "शंका विचारायला लाजू नका." पण स्वतः विद्यार्थिनी झाले, तेव्हा माझंच तोंड उघडेना! घरबसल्या, दर रविवारी चालणाऱ्या पायथनच्या कार्यशाळेत मी नाव घातलं होतं. पायथन ही संगणकाला कामं सांगायची एक भाषा. वर्ग नवशिक्यांचाच, पण बहुतेक कॉलेजातली मुलं. दुसऱ्याच रविवारी माझ्या पडद्यावर तांबडी अक्षरं उमटली आणि मी गप्प बसले. वाटलं, सोडून द्यावं हे खूळ!

कार्यशाळेची एक चॅटरूम होती, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहून बोलायची जागा. ही सोय तशी जुनीच. फिनलंडच्या जार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली 'आयआरसी' सुरू केलं, तेव्हापासून संगणकवाले अशा ठिकाणी एकमेकांच्या अडचणी सोडवत आले आहेत. तिथं मी भीतभीत लिहिलं, "माझा प्रोग्राम चालत नाही."

लगेच उत्तर आलं, "तुम्ही काय लिहिलंत? काय व्हायला हवं होतं? आणि झालं काय?"

मला हसूच आलं. शेजारीण नुसतं "चकली बिघडली" म्हणाली, तर आपण तरी काय सांगणार? मऊ पडली की तेलात विरघळली, हे कळायला नको का?

मग मी माझी ओळ आणि ती तांबडी अक्षरं जशीच्या तशी उतरवली. 'प्रिंट'पुढच्या कंसात 'नमस्कार' हा शब्द मी अवतरणचिन्हांशिवाय लिहिला होता. पायथनला वाटलं, हे कशाचं तरी नाव आहे. आणि ते आधी सांगितलेलं नव्हतं, म्हणून 'नेमएरर'! एवढीशी गोष्ट. आणि गंमत म्हणजे आणखी दोघांनी लिहिलं, "आमचंही इथंच अडलं होतं." दोघंही इंजिनिअरिंगचे बरं का!

तुम्ही अशा वर्गात जाल, तेव्हा एवढं सांभाळा. चुकीचा संदेश शब्दशः उतरवा. पडद्याचा फोटो पाठवला, तर मदत करणाऱ्याला तुमच्या ओळी चालवून बघता येत नाहीत. पायथनमध्ये ओळीआधीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो, आणि चॅटमध्ये ती कधीकधी गळून पडते. तेव्हा ओळी टाकायची योग्य पद्धत शिक्षकांना आधीच विचारून घ्या. पासवर्ड, ओटीपी मात्र कुणी कितीही गोड बोलून मागितला, तरी द्यायचा नाही. आणि अडचण सुटली की प्रश्न पुसू नका. कशी सुटली ते खाली लिहा. मागून येणारीला तेच उपयोगी पडतं.

पुढच्या रविवारी एका बाईंनी लिहिलं, "माझं काहीच चालत नाही हो." कुणी उत्तर द्यायच्या आत मीच लिहिलं, "ताई, काय लिहिलंत ते दाखवा बघू!"