विसाव्याचा हक्क कोणाचा?

बीड जिल्ह्यातील नारायणगडाला वारकरी ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. आषाढी एकादशीला गडावर माणसांचा पूर लोटतो. कार्तिकीच्या सुमारास मात्र जिल्ह्यातील हजारो कोयते बिऱ्हाडासह साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेले असतात. पुढील चार-पाच महिने त्यांना ना एकादशी, ना रविवार. आजारपणाने एक दिवस अंग टाकले तरी ‘खाडा’ पडतो आणि दंडाची रक्कम उचलीच्या हिशेबात चढते. जेथे विसावा हाच अपराध ठरतो, तेथे विसावा कोणाच्या वाट्याला यावा हा राजकीय प्रश्न होय.

चीनमधील बेदाइहे या सागरतीरावरील विश्रामस्थानाचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. १८९८ मध्ये चिंग राजवटीने हा किनारा उन्हाळी निवासासाठी परकीयांना खुला केला. आगगाडी आली, मिशनरी, व्यापारी आणि वकिलातींचे अधिकारी यांचे बंगले उठले. १९४९ च्या क्रांतीनंतर हे वैभव राज्याच्या ताब्यात आले. श्रमिकांसाठी तेथे आरोग्यधामे निघाली, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु किनाऱ्याचा एक भाग पक्षनेत्यांसाठी राखला गेला आणि त्यावर पहारे बसले. ऑगस्ट १९५८ मध्ये याच शीतल किनाऱ्यावर नेत्यांची बैठक भरली. गावोगाव लोककम्यून स्थापण्याचा आणि पोलादाचे उत्पादन एका वर्षात दुप्पट करून १ कोटी ७ लाख टनांवर नेण्याचा संकल्प तेथे सुटला. शेतकरी भट्ट्यांवर जुंपले गेले, उभी पिके शेतात कुजली आणि पाठोपाठच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे दगावली. विसाव्याला बसलेल्यांनी इतरांच्या घामाचे गणित मांडले, त्याचे हे फळ!

हा दोष केवळ चीनच्या माथी मारून आपली सुटका नाही. १८२९ नंतर महाबळेश्वर गोऱ्या साहेबांचे आरोग्यधाम बनले, पुढे मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानीही झाले. तेथे राबण्यासाठी सिंगापूरकडील वसाहतींतून चिनी कैदी आणले गेले. साहेबांच्या ताटातील भाजीपाला आणि बटाटे त्यांनीच पिकवले. साहेब गेले, थंड हवा पैसेवाल्यांकडे गेली. राबणारा होता तेथेच राहिला.

मालक बदलला म्हणजे व्यवस्था बदलली, हा भ्रम सहकारी साखर कारखानदारीनेही पुरेसा दूर केला आहे. शेतकऱ्यांच्या मालकीचा म्हणवणारा कारखाना तोडणी मजुराला आपला कामगार मानण्यास तयार नसतो. तो मुकादमाकडे बोट दाखवतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाला समिती नेमावी लागली. पाळीच्या त्रासापायी मजुरी बुडेल आणि खाडा पडेल, ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक होती. विसावा नाकारण्याची किंमत देहाने चुकवावी लागते, याहून कठोर पुरावा कोणता हवा?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. खाड्याचा दंड बेकायदा ठरवावा. हंगामात आठवड्याची भरपगारी सुट्टी, आजारपणाची आणि बाळंतपणाची भरपगारी रजा द्यावी, आणि तिची जबाबदारी मुकादमावर न ढकलता कारखान्यावर टाकावी. राबणाऱ्याला समुद्रकिनारी बंगला नको आहे. कार्तिकीला गडाची पायरी चढता येईल एवढी उसंत हवी आहे. ती भीक नव्हे. तो त्याचा हक्क आहे.