घरच्या कारखान्याला बँड सॉ घेताना

हजरत जकरिया (अ.स.) सुतारकाम करीत, असे हदीसमध्ये आले आहे. लाकडाचा धंदा म्हणजे हलाल रोजीचा, इज्जतीचा धंदा. आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात, नारायणगाव, मंचर, घोडेगावकडे, घराच्या पडवीत किंवा मागच्या शेडमध्ये हा धंदा करणारे कारागीर बंधू आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या मनात सध्या एकच विषय आहे: बँड सॉ घ्यावा का, आणि कोणता?

मी कापडाचा व्यापारी. रंधा कधी हातात धरलेला नाही. परंतु मशीन आणि कर्ज यांचा हिशेब व्यापाऱ्यालाही कळतो, म्हणून हे लिहीत आहे.

मशीन नकोच, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. कागदी बंधूंच्या हातात कसब होते, पण गिरणीचा स्वस्त कागद आला आणि तो धंदा मागे पडला. आज सुताराच्या समोर तयार दरवाजे आणि कारखान्यातले फर्निचर उभे आहे. नुसत्या हातकरवतीवर त्याचा मुकाबला होणार नाही.

बँड सॉचा खरा फायदा लाकडाच्या बचतीत आहे. गोल करवत एका कापात सुमारे ३ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, बँड सॉची पट्टी साधारण सव्वा मिलिमीटर. ९० मिलिमीटर रुंदीच्या सागाच्या तुकड्यातून १० मिलिमीटरच्या पट्ट्या काढा. गोल करवतीवर ७ निघतील, बँड सॉवर ८. रंध्याची छाट दोन्हीकडे आहेच, ती येथे धरलेली नाही. कापडात कातरण वाचवणारा शिंपी जसा कमावतो, तसेच हे आहे. शिवाय बँड सॉ लाकूड खाली टेबलावर दाबते, गोल करवतीसारखे अंगावर फेकत नाही.

आता मुख्य मुद्दा. बाजारात सल्ला मिळतो, “घ्यायचेच तर ३६ इंची घ्या. चार लोकांचे ओंडके चिरून द्या, हप्ता आपोआप फिटेल.” माझ्या मते हा सल्ला घातक आहे. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण कायद्याचे. गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबर १९९६ रोजी आदेश दिला, तेव्हापासून देशभर सॉ मिलवर कडक नजर आहे. लाकूड उद्योगांच्या परवान्यांसाठी केंद्र सरकारने २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. लोकांचे गोल ओंडके चिरू लागलात की तुमची पडवी सॉ मिल ठरू शकते. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके जुन्नर वनविभागात येतात. मशीनचा आकार, मोटर आणि काम कागदावर लिहून वन परिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा, उत्तर लेखी घ्या आणि मगच पैसे मोजा. ओंडका परवानाधारक सॉ मिलमध्ये चिरून आणावा आणि घरी चौरस मालावरच काम करावे, हे सर्वांत बरे.

दुसरे कारण विजेचे. मोठ्या मशीनला थ्री फेज लागते. घरगुती मीटरवर धंद्याचे मशीन चालवले तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरून दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. म्हणून महावितरणकडे आधी चौकशी करावी.

तिसरे कारण व्याजाचे. कर्ज काढून माग घेणाऱ्यांची गत आम्ही कापडवाले ओळखून आहोत. बाजार मंदावला की माग थांबतो, हप्ता मात्र थांबत नाही. व्याज हराम आहे हे आपण जाणतोच. पण निव्वळ व्यवहाराने पाहिले तरी पावसाळ्यात बांधकामे थंडावली की हा हप्ता कारागिराच्या घरातल्या चुलीवर येतो.

मग घ्यावे काय? दरवाजे, चौकटी, खुर्च्या, पाळणे करणाऱ्याला माझ्या मते १८ इंची मशीन पुरे. हे माप चाकाच्या व्यासाचे असते. मोटर २ एचपीची असावी आणि पट्टीखालून निदान ८ ते १० इंच उंचीचे लाकूड जावे. सरळ चिरायला पाऊण इंची, इंचाला ३ दात्यांची पट्टी लावा. नक्षीच्या वळणासाठी पाव इंची पट्टी हवी. रुंद पट्टी लहान वळणात फिरवली की तुटते.

जुने मशीन घेत असाल तर वीज बंद ठेवून चाक हाताने फिरवा. ते डगमगते का, चाकावरचा रबर फाटला आहे का, टेबल सपाट आहे का, वरचे व खालचे गाइड शाबूत आहेत का, हे पाहा. तुटलेल्या पट्टीला जोड मारणारा जवळपास कोण आहे, तेही आधी विचारा. नाहीतर एका पट्टीसाठी पुण्याच्या टिंबर मार्केटची वारी करावी लागेल.

सगळी पुंजी मशीनमध्ये घालू नका. पाचवा हिस्सा वायरिंग, पट्ट्या आणि संरक्षक झाकणासाठी राखून ठेवा. वरचा गाइड लाकडापासून पाव इंचापेक्षा उंच नको. हातमोजे आणि ढिली बाही नको. घरातली मुले शेडमध्ये येणार नाहीत, अशी कडी लावा. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे, म्हणून तोंडाला मास्क आणि शेडला खिडकी हवीच.

पैशांचे काय? १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. तिच्यातले कर्ज ५ टक्के व्याजाचे आहे. परंतु अवजारांसाठीचे १५,००० रुपये आणि प्रशिक्षणातला रोजचा ५०० रुपयांचा भत्ता हे कर्ज नव्हे. ज्याला व्याज नको, त्याने कर्ज सोडून तेवढेच घ्यावे. त्यात बँड सॉ येणार नाही, पण हाताची अवजारे येतील आणि स्वतःची बचत मशीनसाठी शिल्लक राहील.

उरलेली रक्कम कर्ज-ए-हसनाने उभी राहू शकते. प्रत्येक गावात आपल्यातले चार व्यापारी आहेत. आपण दरवर्षी जकात काढतो, लग्नांत हात सैल सोडतो. एखाद्या मेहनती कारागिराला वर्षभरासाठी बिनव्याजी रक्कम, दोन साक्षीदार ठेवून लेखी करार करून, देणे आपल्याला जड नाही. बुडण्याची भीती असेल तर दुकानाच्या दारांचे, रॅकचे काम त्याच्याकडून करून घ्या आणि मजुरीतून रक्कम वळती करा. यात कुणाचा उपकार नाही, व्यवहारच आहे.

कारागीर बंधूंनी कामापुरते मशीन घ्यावे आणि व्यापारी बंधूंनी त्यांना व्याजाच्या दारात जाऊ देऊ नये. इन्शाअल्लाह, दोघांच्याही रोजीत बरकत होईल.