जुनी सायकल, नवा चिमटा : आधी माप, मग माल

गडहिंग्लजच्या पेठेत गिअरवाल्या सायकलींबाबत हल्ली एकच सल्ला ऐकू येतो. ''पुढचा शॉक गेला ना? मग नवीच घ्या.'' हा सल्ला गिऱ्हाइकाच्या खिशाला परवडत नाही आणि आमच्या मते दुकानदाराच्याही हिताचा नाही. आमची तिजारत कापडाची. परंतु जुन्या कोटाला नवे अस्तर लावून देणाऱ्या शिंप्याकडेच माणूस नवा कोटही शिवायला टाकतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

जुनी माउंटन बाइक बहुधा २६ इंची चाकांची. तिचा सांगाडा सहसा शाबूत असतो. बिघडतो तो पुढचा सस्पेन्शनचा चिमटा. आतले ग्रीस वाळते, सीलमधून धूळ शिरते, नळ्यांना गंज चढतो आणि उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट मनगटात जातो. अशा वेळी आधी चिमटा उघडून साफ करावा, नवे ग्रीस भरावे, हँडलच्या वाट्या व छर्रे तपासावेत. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात. नळ्यांवर गंजाचे खड्डे पडले असतील किंवा साफसफाईनंतरही चिमटा खुळखुळत असेल, तरच तो बदलावा.

खरी फसगत होते ती मापात. जुन्या माउंटन बाइकच्या चिमट्याची वरची दांडी बहुतेक सरळ, २८.६ मिलिमीटर जाडीची; त्याहून जुनी असेल तर एक इंची, आटे पाडलेली. आजच्या महाग चिमट्यांची दांडी खाली दीड इंचापर्यंत रुंद होते, ती जुन्या सांगाड्यात जात नाही. दांडी आखूड निघाली तरी माल वाया. रिमला धरणारे ब्रेक असतील तर चिमट्यावर त्यांच्या खुंट्या हव्यात. नुसत्या डिस्क ब्रेकसाठी बनलेल्या चिमट्यावर त्या नसतात. जुन्या चाकाचा आस ९ मिलिमीटरचा, नव्या चिमट्यांत अनेकदा १५ चा. आणि ८० मिलिमीटर दबणाऱ्या चिमट्याच्या जागी १२० चा बसवण्याची हौस पोरांनी करू नये. सायकलचे नाक वर उचलले जाते, सांगाड्याच्या मानेवर ताण येतो. सामानगडावरून उतरताना ती मान तुटली, तर वाचवलेल्या पैशाचा हिशेब कोण करणार?

हवेवर चालणारा चिमटा हलका खरा, पण तो महाग आणि त्याला वेगळा पंप लागतो. रोजच्या वापराला स्प्रिंगचा साधा चिमटा पुरे. बजेट त्याहून कमी असेल तर तेवढ्याच उंचीचा, न दबणारा पोलादी चिमटा बसवावा व टायर जरा रुंद घ्यावेत. त्यात कमीपणा कसला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली व त्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. ही सवलत गिऱ्हाइकापर्यंत पोचवावी. पोरे मोबाइलवरून चिमटा मागवतात, तो बसत नाही आणि मग दुकानात येतात. त्यांना टोमणे मारून काय मिळणार? दुकानदाराने एक व्हर्निअर ठेवावे, माप फुकट घेऊन कागदावर लिहून द्यावे आणि बसवण्याची मजुरी आधीच सांगावी. जुना चिमटा विकायचा तर त्याचा ऐब दाखवूनच विकावा. ऐब झाकून आलेल्या पैशात बरकत नसते. आणि गिऱ्हाइकाचा काढलेला चिमटा न मागता त्याच्या हातात परत द्यावा.