दौरा कोणाचा, भुर्दंड कोणाला?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी शनिवार पेठेच्या गल्लीबोळांत शिरले. नदीकाठचे वाडे खचले, हजारो संसार उघड्यावर आले. त्या दिवसांत पूरग्रस्त पेठांतून चिखल तुडवीत फिरणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या प्रवासखर्चाचा हिशेब मागावा, असे कोणाही पुणेकरास वाटले नसेल. पुनर्वसनाचे काम ज्यांच्यावर सोपविण्यात आले त्या स. गो. बर्वे यांचे नाव शनिवार पेठेतून पूल ओलांडून महापालिकेकडे गेल्यावर लागणाऱ्या चौकाला आहे. अधिकारी फिरतो याचा राग जनतेला कधीच नव्हता. तो कोठे फिरतो, कशासाठी फिरतो आणि त्याच्या फिरण्याने कोणाची पायपीट वाचते, एवढाच जनतेचा प्रश्न आहे. गेल्या काही दशकांत नेमक्या याच प्रश्नाला बगल देण्याचे काम राज्यकर्त्यांनी मोठ्या सफाईने केले आहे.

सरकारी प्रवासावरील उधळपट्टीचा विषय निघाला की दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. सत्ताधारी म्हणतात, महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांचा. त्यात प्रवासखर्च तो किती? समुद्रातला थेंब! दुसरीकडे संतापलेला मध्यमवर्गीय नागरिक म्हणतो, सगळे दौरे बंद करा, तिजोरी आपोआप भरेल. अर्थशास्त्राच्या कसोटीवर ही दोन्ही उत्तरे टिकत नाहीत. प्रवासखर्च कमी केल्याने राज्याचे कर्ज फिटणार नाही, हे खरे आहे. परंतु सार्वजनिक पैशाच्या ज्या खर्चातून खर्च करणाऱ्यालाच सुख आणि प्रतिष्ठा मिळते, तो खर्च कसा होतो यावरून राज्यकारभाराची नियत ओळखता येते. म्हणून ही रक्कम लहान असली तरी प्रश्न लहान ठरत नाही.

राज्यकर्त्यांच्या प्रवासाचा भार कोणी वाहावा, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूण भागात छावणी पडलेल्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणागोटा जपून वापरा, रयतेच्या घरातून काही उचलू नका, नाही तर लोकांना मोगल बरे वाटू लागतील, असा त्या पत्राचा आशय आहे. सत्ता मुक्कामाला आली की गावाचे काय होते, हे ते पत्र लिहिणाऱ्याला पुरते ठाऊक होते. पुढे इंग्रजी अमदानीत साहेबाचा तळ पडला की त्याच्या सरबराईचे ओझे गावावर आणि गावातही सर्वांत खालच्या माणसाच्या डोक्यावर पडे. महार वतनदारांकडून सरकारी कामासाठी रात्रंदिवस राबवून घेतले जाई आणि मोबदला म्हणून तुटपुंजे वतन दाखविले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या गुलामगिरीविरुद्ध. ती वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. प्रवास करणारा एक आणि त्याचा भार वाहणारा दुसरा, ही रीत मात्र वतनांबरोबर नष्ट झाली नाही. तिने फक्त रूप पालटले.

ते रूप एप्रिल २०१६ मध्ये लातूर जिल्ह्यात साऱ्या देशाने पाहिले. लातूर शहराला पिण्यासाठी पाणी नव्हते. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर तोडून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी आणले गेले, ते १२ एप्रिलला पोहोचले. त्याच आठवड्यात तत्कालीन महसूलमंत्री एकनाथ खडसे यांचे हेलिकॉप्टर औसा तालुक्यातील बेलकुंड येथे उतरावे म्हणून धूळ बसविण्यासाठी सुमारे दहा हजार लिटर पाणी हेलिपॅडवर शिंपडण्यात आल्याची बातमी प्रसिद्ध झाली. लातूरहून बेलकुंडला रस्ता आहे आणि अंतर चाळीसेक किलोमीटरचे. वेळ वाचतो, हा अशा प्रवासाचा नेहमीचा युक्तिवाद असतो. परंतु ज्या भागात बायाबापड्या टँकरच्या रांगेत तासन्‌तास उभ्या आहेत, तेथे कोणाच्या वेळेची किंमत किती धरायची? दुष्काळाची पाहणी करण्यास निघालेला मंत्री दुष्काळग्रस्तांच्या वाट्याचे पाणी जमिनीवर शिंपडून उतरतो, तेव्हा त्या पाहणीत पाहण्यासारखे काय उरते? यात एका व्यक्तीला दोषी ठरवून मोकळे होण्यात अर्थ नाही. हेलिपॅडवर पाणी मारण्याचा नियम कोणा एका मंत्र्याने केलेला नाही. मंत्री येणार म्हटल्यावर तहानलेल्या तालुक्यातही तो नियम निमूटपणे पाळणारी यंत्रणा हा खरा विषय आहे.

त्याच्या आधी चार वर्षे देशाच्या सर्वोच्च पदासंबंधीची माहिती बाहेर आली होती. महाराष्ट्राच्या कन्या म्हणून ज्यांच्या निवडीचे येथे कौतुक झाले, त्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या परदेश दौऱ्यांवर २०५ कोटी रुपये खर्च झाल्याचे माहितीच्या अधिकारातून मार्च २०१२ मध्ये उघड झाले. बारा दौरे आणि बावीस देश. एअर इंडियाच्या बोइंग ७४७ विमानांवरच १६९ कोटी रुपये. अनेक दौऱ्यांत कुटुंबीयही बरोबर होते. राष्ट्रपतींचे दौरे केंद्र शासनाच्या सल्ल्याने ठरतात, ही गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. पण मग जबाबदारी शासनाचीच अधिक ठरते. याच शासनाने सप्टेंबर २००९ मध्ये काटकसरीचा मोठा गाजावाजा केला होता. कोणी विमानाच्या साध्या वर्गातून गेले, कोणी रेल्वेतून. छायाचित्रे छापून आली, चर्चा रंगल्या. काटकसरीचे ते नाट्य चालू असताना एवढाल्या विमानांची तजवीज कोणालाही विसंगत वाटली नाही. राष्ट्रपतींच्या निवृत्तीनंतरच्या निवासासाठी पुण्यातील खडकी येथील लष्कराच्या जमिनीवर बांधकामाचा प्रस्ताव होता. माजी सैनिकांनी त्याविरुद्ध आवाज उठविल्यानंतर एप्रिल २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी ते निवासस्थान नाकारले. जाब विचारला की सत्ता हलते, हा त्या घटनेचा धडा कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता प्रवासाला गुंतवणुकीचे वस्त्र चढविले गेले आहे. दरवर्षी जानेवारीत स्वित्झर्लंडमधील दाव्होसला शिष्टमंडळे जातात. जानेवारी २०२५ मध्ये तेथे महाराष्ट्राने १५ लाख ७० हजार कोटी रुपयांचे करार केल्याची घोषणा झाली. त्यांतील पहिला करार गडचिरोलीतील पोलाद प्रकल्पाचा होता आणि तो झाला कल्याणी समूहाबरोबर. शासन मुंबईचे, उद्योग पुण्याचा, प्रकल्प गडचिरोलीचा आणि सही मात्र आल्प्सच्या बर्फात! मंत्रालयापासून मुंढव्यापर्यंतचे अंतर मोटारीने काही तासांचे आहे. परदेशी गुंतवणूकदारांशी ओळखी होतात, राज्याची प्रतिमा उजळते, हा शासनाचा बचाव क्षणभर मान्य करू. मग करारांचे आकडे ज्या उत्साहाने सहीच्या दिवशी जाहीर होतात, त्याच उत्साहाने तीन वर्षांनी त्यांतील किती कारखाने उभे राहिले, किती हातांना काम मिळाले, याची यादी जाहीर व्हावयास नको काय? गुंतवणूक म्हटली की परतावा मोजावा लागतो. परतावा मोजायचा नसेल तर त्या खर्चाला चैन हेच नाव द्यावे लागेल.

या प्रश्नाचा अर्थशास्त्रीय गाभा फारसा कोणी पाहत नाही. राज्यकारभारातील प्रवास टाळता येत नाही, त्याचा भार फक्त इकडून तिकडे ढकलता येतो. अधिकारी गावाकडे गेला नाही, तर गावाला अधिकाऱ्याकडे जावे लागते. एखाद्या गावातील चाळीस खातेदारांना सातबाऱ्यावरील नोंदी दुरुस्त करून घ्यावयाच्या आहेत आणि त्यासाठी प्रत्येकाला तालुक्याला तीन खेपा घालाव्या लागतात, असे समजा. म्हणजे एकशेवीस खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे, दिवसाची बुडालेली मजुरी आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे उत्तर. महसूल अधिकाऱ्याने एक दिवस गावात येऊन चावडीवर बैठक मारली असती, तर हे सारे वाचले असते. त्याच्या एका फेरीचा खर्च शासनाच्या हिशेबात दिसतो म्हणून तो वाचविला जातो. या एकशेवीस हेलपाट्यांचा खर्च मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात, कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही, कारण तो गरिबांच्या खिशातून जातो. सरकारी काटकसर म्हणून जे मिरविले जाते ते पुष्कळदा अशा प्रकारे जनतेवर लादलेल्या अदृश्य कराचेच दुसरे नाव असते.

आणि काटकसरीची कात्री चालते तरी कशी? कोरोनाच्या संकटात ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने बहुतेक खात्यांचा खर्च अर्थसंकल्पातील तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आला. संकट मोठे होते, निर्णय समजण्यासारखा होता. परंतु सरसकट कपातीचा हुकूम निघाला की ती कशी झिरपते, हे कोणत्याही कनिष्ठ कर्मचाऱ्याला विचारावे. वरिष्ठाची मोटार थांबत नाही. थांबते ते खालच्या माणसाचे प्रवास भत्त्याचे बिल. चार गावांचा सजा सांभाळणारा तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पिकावरील कीड पाहावयास शिवारात जाणारा कृषी सहायक, कारखान्यातील यंत्रांची सुरक्षितता तपासणारा निरीक्षक, वाडीवस्तीवर फिरणारी आरोग्यसेविका यांचा प्रवास हा चैनीचा प्रवास नाही. तोच त्यांचा कारभार आहे. तो तुटला की शासन गावातून उठून जाते. याउलट त्याच कोरोनाकाळाने एक गोष्ट सप्रमाण दाखवून दिली. मुंबईतील आणि दिल्लीतील कितीतरी बैठका दूरदृश्य प्रणालीने होऊ शकतात आणि राज्य कोसळत नाही. तरीही संकट ओसरताच वरच्या बैठकांसाठी विमाने पुन्हा भरू लागली.

म्हणून समाजवादी चळवळीने ‘दौरे बंद करा’ ही सोपी घोषणा देऊ नये. कसोटी एकच लावावी: या सरकारी प्रवासाने सामान्य नागरिकाचा प्रवास वाचला की वाढला? या कसोटीवर आरोग्यसेविकेची पायपीट उत्तीर्ण होते, पानशेतच्या चिखलातून फिरलेला अधिकारी उत्तीर्ण होतो. बेलकुंडचे हेलिकॉप्टर आणि परताव्याचा हिशेब न देणारी दाव्होसची वारी अनुत्तीर्ण ठरतात. कपात करावयाची तर ती वरून खाली यावी, आणि क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या प्रवास भत्त्याला सर्वांत शेवटी हात लागावा. प्रत्येक दौऱ्यात काय पाहिले, काय ठरले, याचा वृत्तान्त जेथे दौरा झाला त्या गावाच्या ग्रामसभेपुढे किंवा शहराच्या प्रभागापुढे ठेवला जावा.

हे मागणे अवास्तव नाही. केंद्र शासनाच्या कार्मिक विभागाने सप्टेंबर २०१२ मध्येच परिपत्रक काढून मंत्री आणि सहसचिव व त्यावरील दर्जाचे अधिकारी यांच्या देशी-परदेशी दौऱ्यांचा हेतू, ठिकाणे, कालावधी, बरोबरची माणसे आणि एकूण खर्च दर तीन महिन्यांनी आपण होऊन प्रसिद्ध करण्यास सांगितले आहे. हाच दंडक राज्याच्या मंत्र्यांना, जिल्हा परिषदेला, महापालिकेला आणि अभ्यास दौऱ्यांवर निघणाऱ्या प्रत्येक समितीला लागू करण्याची मागणी सनदशीर आहे. पुण्याला तर या बाबतीत परंपरा आहे. माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ रोजी देशभर लागू झाला, तेव्हा पहिला अर्ज दाखल झाला तो याच शहरातील एका पोलीस ठाण्यात. पुढे दर सोमवारी दुपारी नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची प्रथा पुणे महापालिकेत सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती इतर कार्यालयांसाठीही स्वीकारली. अशा प्रथा वापरल्या तरच जगतात. कागद पाहण्यास कोणी येतच नाही, हे कारण प्रशासनाच्या हाती आपणच देता कामा नये.

शनिवार पेठेतील कार्यकर्त्याला महापालिकेपर्यंत जाण्यासाठी विमान लागत नाही, भत्ताही लागत नाही. पूल ओलांडला की झाले. त्याने जावे, मागील वर्षाच्या अभ्यास दौऱ्यांची यादी मागावी, कोण गेले, किती खर्च झाला आणि परत येऊन त्यांनी कोणता अहवाल दिला, हे वहीत उतरवून घ्यावे आणि प्रभागातील सभेत वाचून दाखवावे. गावोगावच्या सहकाऱ्यांनी हेच आपापल्या पंचायत समितीत करावे. शिवाय नागरिकांच्या हेलपाट्यांचीही नोंद ठेवावी. एका पानावर सरकारचा प्रवास आणि समोरच्या पानावर जनतेची पायपीट, असा ताळेबंद प्रत्येक तालुक्यात तयार झाला, तर कोणाच्या फिरण्याचे ओझे कोण वाहतो आहे, हे कोणत्याही भाषणापेक्षा तो अधिक स्पष्टपणे सांगेल.