ऐनवेळी ऑपरेशन रद्द का होतं? उत्तर आठवडाभर आधीच्या तपासणीत

कराड : कृष्णा रुग्णालय असो, वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय असो की शहरातली खासगी रुग्णालयं, पाटणच्या डोंगरी भागातून आणि शिराळा-वाळव्यातून अनेकजण ऑपरेशनसाठी कराड गाठतात. सोबतच्या माणसाचीही रोजंदारी बुडते. अशा वेळी ‘आज होणार नाही, पुढची तारीख घ्या’ हे वाक्य फार महाग पडतं. हे जगभरातल्या रुग्णालयांत घडतं. पण यातली बरीच कारणं आधी ओळखता येतात.

नेमकं कुठे अडतं?

- बीपी किंवा शुगर वाढलेली असते.
- हिमोग्लोबिन कमी निघतं. लोहाच्या गोळ्यांनी ते भरून यायला काही आठवडे लागतात. एका रात्रीत काही होत नाही.
- रक्त पातळ करणारी गोळी सुरूच असते. क्लोपिडोग्रेल साधारण 5 ते 7 दिवस आधी थांबवतात, तेही डॉक्टरांच्याच सल्ल्याने.
- शुगरची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साधारण 3 दिवस आधी बंद करावी लागतात.
- महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतली पूर्वमंजुरी कागदाअभावी लटकते.

‘उपाशी या’ म्हणजे काय?

सर्वसाधारण नियम असा : हलकं खाणं 6 तास आधी बंद, तेलकट-मटण 8 तास आधी, साधं पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, त्यालाही 6 तास. सकाळच्या एका कपाने ऑपरेशन पुढे जातं ते यामुळेच. उलट काहीजण ‘उपाशी’ म्हणून बीपीची गोळीही टाळतात. बहुतेक बीपीच्या गोळ्या घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या असतात. कोणती घ्यायची, कोणती नाही, हे भूलतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या.

मग करायचं काय?

भूलतज्ज्ञांची तपासणी आदल्या संध्याकाळी झाली, तर दोष सापडतो, पण तो दुरुस्त करायला वेळ उरत नाही. नियोजित ऑपरेशनसाठी ती किमान आठवडाभर आधी व्हावी, हे आमचं स्पष्ट मत. रक्त कमी असेल, तर त्याहूनही आधी. सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात, कागदावर द्याव्यात. आदल्या दिवशी परिचारिकेने एक फोन करावा : ताप-खोकला आहे का, कोणत्या गोळ्या घेतल्या, कागद तयार आहेत का?

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची यादी आणली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आलं. साध्या कागदी यादीची ही ताकद ऑपरेशनच्या आठवडाभर आधीही वापरता येईल.

रुग्णालयांनी आणखी एक करावं. रद्द झालेल्या प्रत्येक ऑपरेशनचं कारण नोंदवावं आणि दर महिन्याला ती वही उघडून पाहावी. धोका असेल तर ऑपरेशन थांबवणं योग्यच आहे. पण तो धोका टेबलापाशी कळण्याऐवजी रुग्ण घरी असतानाच कळला, तर त्याची एक खेप आणि एक उपास वाचेल.