धुराचा रंग आणि नौकेचा तळ

मासेमारी नौकेच्या इंजिनातून काळा धूर येऊ लागला की इंजेक्टर व डिझेल पंप उतरवण्याची घाई होते. ही घाई अनेकदा अनाठायी असते, असे माझे मत आहे. ट्रॅक्टरवरचा अनुभव येथे जसाच्या तसा चालत नाही. नौकेच्या इंजिनावरील भार पाण्याखाली ठरतो.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी. एअर फिल्टर तुंबलेला असेल, किंवा इंजिनच्या खोलीच्या हवेच्या वाटेवर जाळी रचलेली असतील. तेथे दोष नसेल, तर आधी तळ पाहावा. तळावर शेवाळ व शिंपले चढले, पंख्यात दोरी गुंतली किंवा पंखाच गरजेपेक्षा मोठा बसवला, की इंजिनाचे फेरे पूर्ण होत नाहीत. गव्हर्नर अधिक डिझेल सोडतो आणि ते पुरते जळत नाही. गिअर न टाकता फेरे पूर्ण मिळतात, पण भाराखाली मिळत नाहीत, ही त्याची खूण.

निळसर धुराचा अर्थ सरळ आहे: वंगणतेल जळत आहे. पांढरा धूर मात्र फसवतो. डोळ्यांना झोंबला तर ते न जळलेले डिझेल. लगेच विरला तर वाफ. शीतकरणाचे पाणी वारंवार कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे.

पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात तळ खरवडून रंगवता येतो. परंतु विस्तार कार्यकर्त्यांनी त्याआधीच्या एखाद्या फेरीत तांडेलाबरोबर समुद्रात जावे. ओढून ठेवलेल्या नौकेत तो धूर कोणालाच दिसत नाही.