गाडी कोणती घ्यावी?

थंडीच्या सुट्टीत पानशेतला जायचे ठरले आणि भाड्याच्या गाडीवरून घरात परिषद भरली. चिरंजिवांना डोंगर चढणारी उंच जीप हवी, सौभाग्यवतींना सामान मावेल अशी, आणि मला, मास्तरच तो, भाडे परवडेल अशी!

आई म्हणाली, "मला चढता येईल अशी घ्या."

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा ती बारा वर्षांची होती. नारायण पेठेतले त्यांचे बिऱ्हाड त्या पाण्यात गेले. ते पाणी जिथून आले, ती जागा तिला एकदा पाहायची होती.

गाडी पाहायला तिलाच बरोबर नेले. आपल्या घाटांत बर्फ पडत नाही, पण पहाटे धुके असते. म्हणून दिवे, ब्रेक, टायर आणि स्टेपनी नीट तपासली. जीपची पायरी आईच्या गुडघ्यांना मानवेना. बुटकी, जुनी मोटार ठरली. चिरंजीव रुसले.

धरणावर आई बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "किती शांत आहे रे!"

परतताना नातवाने आपण होऊन तिच्यासाठी दार उघडले.

वाचकहो, गाडी घेताना इंजिन जरूर पाहा. पण आधी पायरी पाहा.